सव्वादोन कोटी घरांना नंबर देताना

आम्ही नागपुरात बसून जिल्ह्यातल्या शेतांच्या नोंदी ठेवतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडच्या संत्र्याच्या बागा, उमरेड-भिवापूरची मिरची आणि जिथेतिथे कापूस, तूर. शेतात जायचं, माती बघायची, विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं, झाडांची अवस्था लिहायची. मग त्याच आठवड्यात उपग्रहाच्या चित्रात ती जागा कशी दिसत होती, ते त्या नोंदीशेजारी मांडायचं. काम आवडीचं आहे. पण ते अडायचं एकाच ठिकाणी: हे शेत म्हणजे नेमकं कोणतं?

वहीत लिहिलेलं असायचं, "सावंगी, गट ४२". आता सावंगी कोणती? विदर्भात सावंगी, पिपळा, मोहगाव ही नावं पावलोपावली भेटतात. गट नंबर प्रत्येक गावात पुन्हा एकपासून सुरू होतो. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं, वाटणी तोंडी झालेली, बाग प्रत्यक्षात धाकट्याकडे. एकाच बागेच्या नोंदी तीन नावांनी आल्या आणि दोन वेगळ्या बागांच्या नोंदी एकाच नावाखाली गेल्या. आंबिया बहाराच्या एका अख्ख्या हंगामाच्या वह्या मी समोर घेऊन बसले, तेव्हा पावभर नोंदींचं शेत कोणतं हेच सांगता येईना. त्या नोंदींसाठी माणसं भर उन्हात फिरली होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि त्याच दिवशी ठरलं की आता नाव नको, नंबर हवा. आख्ख्या जिल्ह्यावर जाळी टाकायची आणि जाळीतल्या प्रत्येक घराला त्याचा एकट्याचा नंबर द्यायचा.

घर केवढं घ्यायचं हे उपग्रहाने ठरवून दिलं. आम्ही लॅण्डसॅट ८ आणि ९ ची चित्रं वापरतो; त्यांचा पिक्सेल ३० मीटरचा. म्हणजे एक घर ९०० चौरस मीटर, एका एकरात साधारण साडेचार घरं. संत्रा ६ बाय ६ मीटरवर लावलेला असेल तर एका घरात २५ झाडं बसतात. शेतकऱ्याला हे लगेच समजतं. "पंचवीस झाडांचा चौकोन" म्हटलं की तो बागेकडे बघून हातानेच हद्द दाखवतो.

जाळी मीटरमध्येच हवी, अंशांमध्ये नको, यावर मी पहिल्यापासून ठाम होते. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा सुमारे १११, त्यामुळे अंशांच्या जाळीत घर चौकोनी राहतच नाही. आपला सगळा जिल्हा ७८ रेखांशाच्या पूर्वेला आहे, म्हणून यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजण्याच्या पद्धतीचा) ४४ उत्तर हा पट्टा लागतो. अमरावती शहर मात्र ४३ मध्ये जातं. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं काम पुढेमागे हाती घेतलं तर हा सांधा सांभाळावा लागणार आहे, पण तो विषय वेगळा.

जिल्ह्याभोवती आयत आखला: आडवा १५० किलोमीटर, उभा १३५. ३० ने भागलं की ५००० स्तंभ आणि ४५०० ओळी. गुणाकार २,२५,००,०००. सव्वादोन कोटी घरं! यातली निम्म्याहून जास्त जिल्ह्याबाहेर पडतात. कुठे छिंदवाडा, कुठे वर्धा, कुठे भंडारा. गटातल्या एकाने विचारलं, "ताई, बाहेरच्यांना कशाला नंबर? जिल्ह्यातलीच मोजू ना." मी नाही म्हटलं. नंबर ओळीने, न तुटता गेले तरच नंबरावरून जागा काढता येते. मधली घरं वगळली की हिशेब मोडतो आणि मग प्रत्येक वेळी यादी उघडून शोधत बसावं लागतं. दुसऱ्याने सुचवलं की आपण नागपूरचे आहोत, मोजणी झिरो माइलपासून, म्हणजे शहरातल्या मैलांच्या त्या जुन्या खांबापासून सुरू करू. कल्पना मलाही आवडली होती. रोज त्या खांबावरून, त्या चार घोड्यांवरून जाणाऱ्या माणसाला ती सुचणारच. ज्यांनी हा देश त्रिकोणांनी मोजायला घेतला ते लॅम्टन १८२३ साली इथून जवळ हिंगणघाटलाच वारले, हेही आमच्या गप्पांत येऊन गेलं. पण मधून मोजणी सुरू केली की डावीकडे आणि खाली उणे आकडे येतात. रास्टरची, म्हणजे घराघरात एकेक आकडा भरलेल्या चित्राची, रीत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायची आहे. आम्ही तीच पाळली.

पहिला प्रयत्न सरळ होता. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्रिएट ग्रिड' नावाचं हत्यार आहे, ते चौकोनांची जाळी काढतं आणि प्रत्येकाला आपोआप आयडी देतं. छोट्या तुकड्यावर छान चाललं. तिथेच एक लक्षात आलं की ती जाळी वरून खाली मोजत जाते, एक स्तंभ संपला की दुसरा, ओळीने नाही. पूर्ण जिल्ह्यासाठी लावलं आणि मशीन थिजलं. सव्वादोन कोटी चौकोन, प्रत्येकाचे चार कोपरे आणि वर तक्त्यातली एकेक ओळ. ते झेपणारच नव्हतं. रास्टरला हे ओझं नसतं. त्याला कोपरा, घराचा आकार आणि आकड्यांची चळत एवढंच लागतं. एका आकड्याला चार बाइट धरले तरी सगळं मिळून ९० एमबी.

क्यूजीआयएसच्या साध्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये "मी कितव्या ओळीत आहे" असं घराला विचारायची सोय नाही. म्हणून गटातल्या प्रोग्रामिंग येणाऱ्या मुलाने पायथनमध्ये लिहिलं. आधी ० पासून मोजलं, पण अनेक रास्टरांत शून्य म्हणजे 'इथे काही नाही' असं धरलेलं असतं आणि आमचं पहिलं घर गायब झालं. मग १ पासून. सूत्र असं:

नंबर = (ओळ − १) × ५००० + स्तंभ

चित्र पडद्यावर आलं. वर काळं, खाली येता येता राखाडी, तळाशी पांढरं. बघून समाधान वाटलं. मग मी अंबाझरी तलावाच्या बांधावर नेऊन ते मोठं केलं आणि खाली उपग्रहाचं चित्र ठेवलं. पाणी आणि जमीन जिथे मिळतात तिथली पिक्सेलची कड आमच्या घराच्या कडेवर यायला हवी होती. ती घराच्या बरोबर मधून जात होती. आम्ही आयताचे कोपरे गोल आकड्यांवर ठेवले होते. लॅण्डसॅटमध्ये पिक्सेलचा मध्य ३० च्या पटीवर असतो, कड नव्हे. कड १५ मीटर सरकलेली असते. म्हणजे आमचं प्रत्येक घर उपग्रहाच्या चार पिक्सेलांत पाव-पाव वाटलं गेलं होतं. नकाशावर पंधरा मीटर नजरेत भरत नाहीत, पण बागेत पंधरा मीटर म्हणजे झाडांच्या अडीच रांगा. हे दुरुस्त करायला हाताने कोपरे टाइप करणं बंद केलं आणि लॅण्डसॅटच्याच एका थराला साचा धरून त्याच्या कडांवर जाळी बसवली.

हा साचा पुढे आम्हाला नडला.

पण आधी काटोल. पहिली चाचणी तिथे घेतली, कारण बागा ओळखीच्या होत्या. एका बागेच्या कोपऱ्यावर मोबाइलने ९०,०६,१७९ नंबर दाखवला. मी कागदावर उलटा हिशेब केला: एक वजा केला, ५००० ने भागलं, भागाकार १८०१, बाकी ११७८. म्हणजे वरच्या कडेपासून १८०१ घरं सोडून, ५४ किलोमीटर ३० मीटर खाली; डाव्या कडेपासून ११७८ घरं सोडून, ३५ किलोमीटर ३४० मीटर आत. घराच्या मध्यासाठी दोन्हींत १५ मीटर मिळवायचे. ते आकडे मशीनमध्ये टाकले आणि नकाशावरचा ठिपका त्याच बागेत, आम्ही उभे होतो त्याच चौकोनात पडला. नुसत्या भागाकाराने पंचवीस झाडांचा चौकोन सापडतो, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. नरखेडला जाऊन पाहिलं, कळमेश्वरला पाहिलं. सगळीकडे बरोबर. जाळी सगळ्यांच्या मोबाइलवर चढवली आणि काम सुरू झालं.

दोन महिन्यांनी उमरेडहून आमच्या सहकारी बाईंचा फोन आला. तिथल्या मिरचीवाल्या एका काकाजींना त्यांनी त्यांच्याच शेताची नोंद मोबाइलवर दाखवली होती. काकाजी वाचून म्हणाले होते, "माही विहीर अडतीस फुटावर हाये जी. हे बावीस कोनाचं?"

बावीस फूट शेजारच्या वावराचं होतं, मधे एकच अरुंद पट्टी सोडून. दोन्ही जागांवर त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही नोंदी स्वतः भरल्या होत्या, पण आमच्या तक्त्यात एका नंबरला एका दिवशी एकच नोंद राहते. दुसरी आली की पहिली पुसली जाते. दोन्ही वावरांचा नंबर एकच होता: १,६९,२८,७६०.

माझा पहिला संशय जीपीएसवर गेला. मोकळ्या वावरात मोबाइलचा जीपीएस पाचेक मीटरने इकडेतिकडे होतो, झाडाखाली जास्त. पण इथे अंतर साठ मीटरच्या आसपास होतं. मी त्यांना त्या जागी पश्चिमेकडून पूर्वेकडे चालायला सांगितलं आणि नंबर फोनवर वाचून घेतले. सातशे अठ्ठावन्न आला. मग सातशे साठ. तीस मीटर चालल्या, सातशे साठच. आणखी तीस, तरी सातशे साठ. मग एकदम सातशे बासष्ट. पुढे सातशे चौसष्ट तीनदा, सातशे सहासष्ट एकदा. शेवटचा आकडा विषम असलेला एकही नंबर आला नाही. मी ते एकाखाली एक लिहिले आणि बघत राहिले. तीनदा, एकदा, तीनदा, एकदा. जीपीएसच्या चुकीला अशी शिस्त नसते.

रात्री प्रोग्रामिंगवाल्या मुलाला बोलावलं. त्याने फाइलची माहिती उघडली आणि थांबला. साचा म्हणून जो लॅण्डसॅटचा थर घेतला होता, तो जमिनीच्या तापमानाचा होता. सेल्सिअसमध्ये काढलेलं तापमान, म्हणजे ४३.७, ४५.२ असे दशांश आकडे. त्याचा प्रकार होता 'फ्लोट ३२'. कोपरा आणि घराचा आकार उचलताना आकड्याचा प्रकारही त्याच्यासोबत उचलला गेला होता. आमचे पूर्ण अंक दशांशाच्या डब्यात भरले गेले होते.

त्या डब्याची एक मर्यादा आहे. ३२ बिटांच्या दशांश संख्येत खऱ्या अंकांसाठी २३ बिटांचीच जागा असते; पहिला १ न लिहिता गृहीत धरतात, म्हणून अचूकता २४ बिटांची मिळते. बाकी चिन्हाला आणि घाताला जाते. दोनाचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६. इथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक त्यात जसाच्या तसा राहतो. त्याच्या पुढे फक्त सम आकडे राहतात. विषम आकडा आला की तो शेजारच्या सम आकड्यात मिसळतो, आणि बरोबर मधोमध असल्याने ज्या बाजूला चारचा पाढा लागतो तिकडे जातो. म्हणून ७५९, ७६० आणि ७६१ या तिघांचा ७६० झाला, तर ७६२ एकटाच उरला. सव्वादोन कोटींतून ही मर्यादा वजा केली तर ५७ लाखांवर घरं या रेषेपलीकडची. त्यांतले सगळे विषम नंबर, २८ लाख ६१ हजार ३९२, नकाशावरून नाहीसे झाले होते.

आणि आम्हाला ते दिसलं नाही, कारण आम्ही वरून मोजत होतो. काटोल, नरखेड, सावनेर वरच्या भागात आहेत. तिथले नंबर त्या मर्यादेच्या कितीतरी आत. १,६७,७७,२१६ वा नंबर ३३५६ व्या ओळीत येतो, म्हणजे वरून शंभर किलोमीटरवर. ती रेषा उमरेडच्या अंगावरून जाते. रेषेच्या वर सगळं ठीक, खाली सगळं चुकलेलं. पडद्यावर मात्र काळ्याचं पांढरं होत जाणारं तेच गुळगुळीत चित्र. कोणताही संदेश नाही, कसली ताकीद नाही. मी ओळखीच्या, सोयीच्या बागांत चाचणी घेतली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेले नाही, ही चूक माझी होती. काकाजींनी आपल्या विहिरीचा आकडा लक्ष देऊन वाचला नसता, तर मिरचीच्या अख्ख्या पट्ट्याचा निष्कर्ष आम्ही चुकीचा मांडला असता.

दुरुस्ती करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. फाइलचा प्रकार बदलून ३२ बिटांचा पूर्णांक केला. त्यात दोनशे कोटींच्या वरपर्यंत मोजता येतं. काहींना वाटतं लहान प्रकार घ्यावा, जागा वाचते. १६ बिटांचा घेतला असता तर ६५,५३५ लाच संपला असता, म्हणजे आमच्या जाळीच्या चौदाव्या ओळीत. जागा वाचवायचीच असेल तर डिफ्लेट दाबण (फाइल आटवायची पद्धत) आणि प्रेडिक्टर २ (आकड्याऐवजी शेजाऱ्याशी असलेला फरक साठवणारं) लावावं. शेजारच्या घरांत फरक नेहमी एकचाच असल्याने फाइल आश्चर्य वाटावं इतकी आटते.

यावेळी मी तपासल्याशिवाय कोणाच्या मोबाइलवर काही जाऊ दिलं नाही. पहिली गोष्ट, सगळे नंबर वाचून वेगळे किती आहेत ते मोजलं: बरोबर २,२५,००,०००. चारही कोपरे पाहिले: वर डावीकडे १, वर उजवीकडे ५०००, खाली डावीकडे २,२४,९५,००१ आणि शेवटचा २,२५,००,०००. मग हेच रास्टर दुसऱ्या वाटेने बनवलं. ग्रास नावाच्या नकाशांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'आर.मॅपकॅल्क' हे हत्यार आहे, त्यात ओळ आणि स्तंभ सरळ विचारता येतात, दोन्ही १ पासून मोजलेले असतात, आणि त्यांचा हिशेब पूर्णांकातच राहतो. दोन रास्टरांची वजाबाकी केली. सगळीकडे शून्य. आता कोणी विचारलं तर मी ग्रासपासूनच सुरू करा असं सांगते. सूत्र एका ओळीत बसतं आणि आकड्याचा प्रकार कुठून तरी चुकून येण्याची भीती नसते.

जुन्या नोंदींपैकी ज्यांच्यासोबत जीपीएसचं स्थान साठवलं होतं त्यांना नवे नंबर देता आले. ज्या पुसल्या गेल्या त्या गेल्या. त्या वावरांत आम्ही पुन्हा गेलो, पण दोन महिन्यांपूर्वीचं विहिरीचं पाणी पुन्हा मोजता येत नाही.

मधे आणखी एक प्रसंग झाला, तोही सांगून ठेवते. मोबाइलच्या नकाशावर चांगलं बसावं म्हणून एकाने हे रास्टर अक्षांश-रेखांशात बदललं आणि बदलताना बायलिनिअर पद्धत ठेवली. तापमानासाठी ती ठीक असते. नंबरांच्या बाबतीत तिने शेजारच्या चार घरांची सरासरी काढली. वरच्या आणि खालच्या ओळीतल्या नंबरांत ५००० चा फरक, त्यांची सरासरी तिसऱ्याच कुठल्या तरी घराचा नंबर! 'निअरेस्ट नेबर' (सर्वांत जवळच्या घराचाच नंबर उचलणारी पद्धत) ठेवलं तरी काही घरं गळतात, काही दोनदा येतात. म्हणून आमचा नियम झाला की जाळी हलवायची नाही. जीपीएसचा बिंदू यूटीएममध्ये आणायचा आणि भागाकार करून नंबर काढायचा.

मग माणसांच्या सोयीचं बघितलं. आठ अंकी नंबर फोनवर सांगताना एक अंक इकडचा तिकडे होतोच. म्हणून शंभर बाय शंभर घरांचा एक मोठा गट केला, ३ किलोमीटर बाजूचा. आडवे ५०, उभे ४५, मिळून २२५० गट. गटाच्या आत घराचा नंबर १ ते १०,०००. दोन्ही मूळ नंबरावरूनच निघतात, वेगळी नोंद लागत नाही. काटोलची ती बाग आता ९१२ मधली १७९. लोकांनी हे लगेच उचललं. "आज नऊशे बारा अन् नऊशे तेरा करतो," असं सकाळी कोणी म्हणालं की कोणता रस्ता, कोणत्या बागा हे बाकीच्यांना न विचारता कळतं.

मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः उमरेडला गेले. काकाजी धुऱ्यावर उभे होते. मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या वावरातून शेजारच्या वावराकडे चालायला सांगितलं. त्यांनी मोठ्याने वाचलं: सोळाशे अठ्ठ्याऐंशीमधलं आठ हजार पाचशे एकोणसाठ. मधली पट्टी, साठ. पलीकडे, एकसष्ट. तिथून ते परत आपल्या वावरात आले, पुन्हा वाचलं, एकोणसाठ. मग खिशातून छोटी वही काढून त्यांनी तो नंबर विहिरीच्या मापाखाली लिहून घेतला. त्या दिवशी पाणी एक्केचाळीस फुटावर होतं.